भंगारात देण्यापूर्वी : जुन्या संगणकासाठी मुक्त प्रणालीचा मार्ग

खानदेशातील व्यापारी कुटुंबांत दिवाळीला वहीपूजन होते. पाटावर रोजमेळ आणि खतावणी मांडली जाते, स्वस्तिक रेखले जाते, नव्या वर्षाचे पहिले पान उघडले जाते. गेल्या वीस-पंचवीस वर्षांत या वह्यांच्या शेजारी संगणकही येऊन बसला आहे. पेढीचा खरा हिशेब आता त्याच्याच पोटात असल्यामुळे हळद-कुंकवाचे बोट त्याच्या कळफलकालाही लागते. २०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर मात्र जळगाव-धुळ्यातील अनेक दुकानांत आणि घरांत याच संगणकाच्या पडद्यावर एक सूचना उमटली. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० या प्रणालीचा आधार मायक्रोसॉफ्टने थांबविला होता.

सूचना वाचून पुष्कळांनी ती बंद केली आणि काम पुढे चालू ठेवले. काहींनी नव्या संगणकाच्या किमती विचारल्या. जुना संगणक भंगारात द्यावा की तसाच धोका पत्करून वापरावा, एवढेच दोन पर्याय आहेत असा बहुतेकांचा समज झाला. वास्तविक तिसरा पर्यायही आहे. तो विनामूल्य आहे, कायदेशीर आहे आणि सामान्य माणसाला जमण्यासारखा आहे. मात्र तो योग्य क्रमाने अमलात आणावा लागतो. क्रम चुकला तर दहा वर्षांचा हिशेब दहा मिनिटांत पुसला जाऊ शकतो.

उदाहरणादाखल एक कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. आजोबांची जळगावच्या दाणा बाजारात आडत पेढी. पेढीवरील संगणक २०१५ साली घेतलेला, चार जीबी मेमरीचा. नात धुळ्यात पदविका अभ्यासक्रमाला शिकते आणि तिला अभ्यासासाठी संगणक हवा आहे. पेढीसाठी नवा संगणक घेणे आजोबांना भाग आहे. जुना भंगारवाल्याला द्यावा असे त्यांच्या मनात आहे.

“आजोबा, तो मला द्या. मी त्यावर लिनक्स घालते,” नात म्हणते.

“बाळा, घाल हवे ते. पण आत पेढीचा हिशेब आहे, तो आधी सांभाळ,” आजोबा उत्तर देतात.

पुढील सारे विवेचन आजोबांच्या या एका वाक्याभोवती फिरते.

आधार संपला म्हणजे नेमके काय झाले?

आधार संपला म्हणून संगणक बंद पडत नाही. तो काल जसा चालत होता तसाच आजही चालतो. फरक एवढाच की प्रणालीत नव्याने सापडणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटी यापुढे दुरुस्त होऊन मिळणार नाहीत. दुकानाच्या शटरचे कुलूप बिघडले आणि कुलूप दुरुस्त करणारा गावातून निघून गेला, तर शटर पडतेच. पण रात्रीची झोप पूर्वीसारखी लागत नाही. ज्या संगणकावरून बँकेचे व्यवहार होतात, जीएसटीची विवरणपत्रे भरली जातात, त्यावर असा धोका दीर्घकाळ बाळगणे शहाणपणाचे नव्हे.

मायक्रोसॉफ्टने वैयक्तिक वापरकर्त्यांसाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढीव सुरक्षेची सोय ठेवली आहे. ती म्हणजे एका वर्षाची सवलत आहे, कायमचा उपाय नव्हे. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा सोय, किमान चार जीबी मेमरी आणि कंपनीच्या यादीतील प्रोसेसर लागतो. इंटेलचे बहुतेक आठव्या पिढीपूर्वीचे प्रोसेसर त्या यादीत नाहीत. त्यामुळे २०१५-१६ च्या सुमारास घेतलेले असंख्य संगणक सुस्थितीत असूनही बाद ठरतात.

मुक्त म्हणजे काय?

ज्या प्रणालीचा मूळ मजकूर सर्वांसाठी खुला असतो, जी कोणीही वापरावी, अभ्यासावी, बदलावी आणि दुसऱ्याला द्यावी अशी परवानगी कायद्याच्या भाषेत लिहून दिलेली असते, तिला मुक्त किंवा मुक्तस्रोत प्रणाली म्हणतात. अमेरिकेतील रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अशा प्रणालीचा संकल्प जाहीर केला. १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टोरवाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्याने तिचा गाभा लिहावयास घेतला. तोच आजचा लिनक्स. अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही हाच गाभा असल्याने लिनक्स बहुतेक घरांत आधीच पोहोचलेला आहे. फक्त त्याची नावानिशी ओळख झालेली नाही.

या मुक्ततेला एक नैतिक बाजूही आहे. पायरसीची विंडोज “टाकून घेणे” आपल्याकडे इतके रूढ झाले आहे की त्यात काही गैर आहे असे कोणाच्या मनातही येत नाही. वास्तविक ती परवान्याविना वापरलेली दुसऱ्याची मालमत्ता असते आणि तिच्यासोबत अनेकदा घातक प्रोग्रामही येतात. मुक्त प्रणाली पेनड्राइव्हवर घेऊन शेजाऱ्याला देणे हे मात्र पूर्णपणे सनदशीर आहे.

मराठीपुरते पाहिले तर या क्षेत्रात पुणे-मुंबईकडून मोलाचे काम झाले आहे. इंडलिनक्स या उपक्रमाने भारतीय भाषांतून लिनक्स वापरता यावे यासाठी आरंभीच्या काळात प्रयत्न केले. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने घडविलेले लोहित नावाचे फॉन्ट रेड हॅटमार्फत मुक्त परवान्याने सर्वांना उपलब्ध झाले. सी-डॅक या सरकारी संस्थेने २००७ मध्ये बॉस नावाची भारतीय भाषांची लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. केरळमधील शासकीय शाळांत तर संगणक शिक्षण अनेक वर्षांपासून मुक्त प्रणालीवरच चालते. तात्पर्य, हा मार्ग केवळ तज्ज्ञांचा राहिलेला नाही.

लिनक्सचे अनेक अवतार आहेत. विंडोजची सवय असलेल्या घरासाठी लिनक्स मिंट हा सोयीचा ठरतो, कारण त्याचा पडदा, खालची पट्टी आणि डाव्या कोपऱ्यातील मेनू यांची मांडणी ओळखीची वाटते. त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत सुरक्षा दुरुस्त्या मिळणार आहेत. त्याला किमान दोन जीबी मेमरी लागते, चार जीबी असल्यास काम सुरळीत होते. यंत्र फारच जुने असेल तर मिंटचीच एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्यावी. ३२-बिट प्रोसेसरच्या अतिजुन्या यंत्रांवर मात्र मिंटची ही मालिका बसत नाही.

पहिली पायरी : कामांची यादी

प्रणाली बदलण्यापूर्वी कागद-पेन घेऊन त्या संगणकावर होणाऱ्या प्रत्येक कामाची नोंद करावी आणि त्यापुढे ते काम कशावर चालते ते लिहावे.

ब्राउझरमधून होणारी कामे निर्धास्तपणे मुक्त प्रणालीवर नेता येतात. बँकेचे संकेतस्थळ, ईमेल, रेल्वे आरक्षण, व्हॉट्सअॅप वेब ही सारी फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये चालतात. पत्रे, तक्ते, सादरीकरणे यांसाठी लिबरऑफिस मिंटसोबतच येते आणि ते वर्ड-एक्सेलच्या फायली उघडते. मात्र एक्सेलमधील मॅक्रो, म्हणजे आपोआप चालणाऱ्या सूचनांचे संच, तेथे जसेच्या तसे चालतीलच असे नाही. अशा फायली आधी तपासाव्यात.

टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनविलेले आहे. ते आडवाटेने लिनक्सवर चालविण्याचे प्रयत्न होतात. परंतु पेढीचा चालू हिशेब अशा प्रयोगावर ठेवू नये. टॅलीसाठी विंडोजचा एक अद्ययावत संगणक ठेवणे हेच उचित. घरखर्चाचा किंवा छोट्या संस्थेचा हिशेब ठेवावयाचा असेल तर जीएनयूकॅश हा दुहेरी नोंद पद्धतीचा मुक्त प्रोग्राम उत्तम आहे. भारतीय जीएसटीच्या विवरणपत्रांची तयार सोय मात्र त्यात नाही.

डिजिटल सिग्नेचरच्या डोंगलबाबतही सावधगिरी हवी. कंपन्या आणि एलएलपी यांना जीएसटी विवरणपत्रावर डिजिटल स्वाक्षरी सक्तीची आहे. एकल मालकीच्या दुकानदाराला मोबाइलवर येणाऱ्या ओटीपीने काम भागविता येते. ज्यांना डोंगल लागतो त्यांनी तो नव्या प्रणालीवर प्रत्यक्ष चालवून पाहिल्याशिवाय जुनी व्यवस्था मोडू नये. प्रिंटर आणि स्कॅनर यांनाही हाच नियम लावावा. बहुतेक नवे प्रिंटर लिनक्स स्वतःहून ओळखते, पण काही जुने लेसर प्रिंटर त्रास देतात.

यादी पुरी झाली की निर्णय आपोआप समोर येतो. आजोबांच्या पेढीवर टॅली आहे, म्हणून तेथे विंडोजचा नवा संगणक हवा. नातीला लेखन, अभ्यास, प्रोग्रामिंग आणि इंटरनेट एवढेच हवे आहे, म्हणून जुना संगणक तिच्यासाठी पुरेसा आहे.

दुसरी पायरी : प्रत घ्यावी आणि ती उघडून पाहावी

जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची पुस्तके आणि कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपून ठेवावी लागतात. संगणकातील हिशेबही त्यातच मोडतो. म्हणून जुन्या यंत्राला हात लावण्यापूर्वी आतील सर्व माहितीच्या दोन प्रती घ्याव्यात, एक बाहेरील हार्डडिस्कवर आणि दुसरी नव्या संगणकावर. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स यांसोबत टॅलीचा डेटा फोल्डर, ब्राउझरमधील खुणा, ईमेलचा साठा आणि फोटो आठवणीने घ्यावेत. व्यापाऱ्यांच्या संगणकात डी ड्राइव्ह किंवा ई ड्राइव्हमध्येही पुष्कळ काही दडलेले असते.

येथेच बहुतेकांची चूक होते. प्रत घेतली म्हणजे काम झाले असे ते समजतात. नात मात्र अडून बसते.

“आजोबा, नुसती प्रत घेऊन भागणार नाही. ती नव्या संगणकावर उघडून दाखवा.”

आजोबा नव्या संगणकावर टॅली उघडतात, जुना डेटा परत चढवितात आणि मागील प्रत्येक वर्षाची तेरीज जुन्या यंत्रावरील तेरजेशी ताडून पाहतात. एका वर्षाची अखेरची शिल्लक जुळत नाही. शोध घेता त्या वर्षाचा फोल्डर वेगळ्या ड्राइव्हमध्ये असल्याने प्रतीत आलाच नव्हता असे आढळते. ही तपासणी राहून गेली असती तर ते एक वर्ष कायमचे गेले असते.

जुन्या मराठी पत्रांबाबतही एक काळजी घ्यावी. श्रीलिपीसारख्या प्रणालींच्या जुन्या फॉन्टांत टंकलेला मजकूर युनिकोड नसतो. तो फॉन्ट नसलेल्या यंत्रावर निरर्थक अक्षरे दिसतात. अशा महत्त्वाच्या पत्रांची पीडीएफ जुन्याच संगणकावर करून ठेवावी आणि शक्य असल्यास मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्यावा.

तिसरी पायरी : पेनड्राइव्हवरून परीक्षा

मुक्त प्रणालीची मोठी सोय अशी की ती संगणकात न बसविता चालवून पाहता येते. त्यासाठी आठ जीबीचा रिकामा पेनड्राइव्ह लागतो. मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून सुमारे तीन जीबीची आयएसओ फाइल उतरवून घ्यावी. संकेतस्थळावर दिलेला तपासणी क्रमांक आपल्या फाइलच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे. नंतर रुफस किंवा बलेनाएचर या विनामूल्य प्रोग्रामने ती फाइल पेनड्राइव्हवर उतरवावी. फाइल नुसती कॉपी करून चालत नाही, आणि या क्रियेत पेनड्राइव्हवरील आधीचे सर्व काही पुसले जाते.

पेनड्राइव्ह लावून संगणक सुरू करताना सुरुवातीची निवडसूची उघडावी लागते. त्यासाठी डेल आणि लेनोव्होच्या यंत्रांवर सामान्यतः एफ १२ ही कळ, एचपीवर एस्केप आणि मग एफ ९, तर असुसच्या लॅपटॉपवर एस्केप दाबतात. सूचीतून पेनड्राइव्ह निवडला की काही मिनिटांत मिंटचा पडदा उघडतो. या अवस्थेत आतील डिस्कला धक्का लागत नाही. मात्र पडद्यावरील “इन्स्टॉल” या चिन्हाला परीक्षा संपेपर्यंत स्पर्श करू नये.

आता एकेक गोष्ट तपासावी. वाय-फाय जोडले जाते का, आवाज येतो का, कॅमेरा दिसतो का, प्रिंटरवर एक पान छापून निघते का, लॅपटॉप झाकण मिटून उघडल्यावर पूर्ववत होतो का. वाय-फाय दिसत नसेल तर निराश होऊ नये. मोबाइल यूएसबी तारेने जोडून त्यातील “यूएसबी टेदरिंग” चालू करावे. इंटरनेट मिळते आणि प्रणाली बसविल्यानंतर “ड्रायव्हर मॅनेजर”मधून वाय-फायचा आवश्यक भाग उतरवून घेता येतो. पेनड्राइव्हवरून चालणारी प्रणाली थोडी मंद वाटते. तो प्रणालीचा दोष नसून पेनड्राइव्हच्या वेगाची मर्यादा असते.

चौथी पायरी : स्थापना

परीक्षेत यंत्र उतरले की स्थापनेस हात घालावा. वीज जाण्याची शक्यता असल्यास संगणक यूपीएसवर किंवा लॅपटॉप चार्जरवर असावा. स्थापनेदरम्यान एका पडद्यावर निर्णायक प्रश्न विचारला जातो. विंडोजच्या शेजारी मिंट ठेवावयाचे की संपूर्ण डिस्क पुसून मिंट बसवावयाचे? याच ठिकाणी क्षणभर थांबावे.

विंडोज शेजारी ठेवावयाची असल्यास तिच्या सेटिंगमधील “फास्ट स्टार्टअप” आधी बंद करावे, अन्यथा विंडोजचे ड्राइव्ह मिंटमधून केवळ वाचता येतात, त्यांत लिहिता येत नाही. डिस्कला बिटलॉकरचे कुलूप असल्यास त्याची पुनर्प्राप्ती किल्ली कागदावर लिहून तिजोरीत ठेवावी. संपूर्ण डिस्क पुसावयाची असल्यास दोन्ही प्रती उघडून पाहिल्या आहेत याची पुन्हा खात्री करावी आणि बाहेरील हार्डडिस्क यंत्रापासून काढून ठेवावी. घाईत भलतीच डिस्क निवडली जाण्याचा प्रसंग त्यामुळे टळतो.

“मल्टिमीडिया कोडेक्स” हा पर्याय निवडल्यास चित्रफिती व गाणी लगेच चालतात. पासवर्ड ठरविताना तो विसरणार नाही असा, पण दुसऱ्याला न सुचणारा असावा. नवे काही बसविताना प्रणाली तोच पासवर्ड मागते.

पहिल्या दिवसाची कामे

प्रणाली बसली की प्रथम “अपडेट मॅनेजर” उघडून सर्व दुरुस्त्या घ्याव्यात. नंतर “ड्रायव्हर मॅनेजर” चालवावा. त्यानंतर “टाइमशिफ्ट” सुरू करावे. हा प्रोग्राम प्रणालीची ठरावीक वेळची स्थिती जपून ठेवतो. पुढे एखाद्या बदलाने बिघाड झाला तर आदल्या दिवसाच्या स्थितीत परत जाता येते. येथे एक भेद लक्षात ठेवावा. टाइमशिफ्ट प्रणाली सांभाळते, आपली पत्रे आणि फोटो सांभाळत नाही. त्यांची प्रत बाहेरील डिस्कवर वेगळीच घ्यावी लागते.

नवे प्रोग्राम “सॉफ्टवेअर मॅनेजर”मधूनच घ्यावेत. विंडोजप्रमाणे संकेतस्थळोसंकेतस्थळी फिरून ते उतरविण्याची सवय सोडावी. लिनक्समध्ये मोठ्या आणि लहान लिपीतील इंग्रजी नावे वेगवेगळी मानली जातात. त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये दोन सारख्या दिसणाऱ्या फायली निर्माण होऊ शकतात. नावे देण्याची एकच पद्धत ठरवून घ्यावी. पेनड्राइव्ह काढण्यापूर्वी “इजेक्ट” अवश्य करावे, कारण पडद्यावर काम संपल्यासारखे दिसले तरी लेखन मागे चालू असू शकते. मिंटच्या सिनॅमन आवृत्तीत पडदा गोठल्यास कंट्रोल, ऑल्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबाव्यात. उघडलेले काम न गमावता पडदा पुन्हा जागा होतो.

टर्मिनल नावाच्या काळ्या खिडकीची धास्ती घेण्याचे कारण नाही. रोजच्या वापरात तिची गरज क्वचितच पडते. मात्र इंटरनेटवर कोणी सुचविलेली आज्ञा अर्थ न समजता तेथे चिकटवणे म्हणजे कोऱ्या धनादेशावर सही करून देण्यासारखे आहे.

मराठी टंकलेखन

मराठी लिहिण्यासाठी वेगळे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. सेटिंगमधील “कीबोर्ड”, त्यात “लेआउट्स” येथे जाऊन मराठीची मांडणी जोडावी. “एन्हान्स्ड इनस्क्रिप्ट” ही १९८६ मध्ये भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरविलेल्या मांडणीची सुधारित आवृत्ती आहे. ज्यांना इंग्रजी उच्चारांच्या आधाराने टंकावयाचे आहे त्यांच्यासाठी “कागपा, फोनेटिक” हा पर्याय आहे. दोन भाषांत अदलाबदल करण्याची कळ तेथेच ठरविता येते.

इनस्क्रिप्टचे तत्त्व सोपे आहे. डाव्या हाताला स्वर व मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजने. “जळगाव” हा शब्द लिहिण्यासाठी पी, शिफ्टसह एन, आय, ई आणि बी या कळा क्रमाने दाबाव्यात. “धुळे” साठी शिफ्टसह ओ, जी, शिफ्टसह एन आणि एस. जोडाक्षरासाठी डी ही कळ हलन्त देते. “व्यापाऱ्यांना” या शब्दातील ऱ्य अनेकांना अडवितो. त्यासाठी शिफ्टसह जे दाबून ऱ मिळवावा, मग डी आणि मग य. पंधरा दिवस रोज अर्धा तास सराव केल्यास हात बसतो आणि पुढे हीच मांडणी विंडोजवरही उपयोगी पडते.

रुपयाचे चिन्ह हवे असल्यास रुपयासहित भारतीय इंग्रजीची मांडणी निवडून उजवीकडील ऑल्ट कळेसह चार हा अंक दाबावा. लिबरऑफिसमध्ये भाषेच्या सेटिंगमधील “कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट” या जागी मराठी निवडावे. त्यामुळे काही फॉन्टांत ल आणि श ही अक्षरे मराठी वळणाची दिसतात. पत्र दुसऱ्याला पाठविताना पीडीएफ करून पाठविल्यास फॉन्ट बदलून मजकूर विस्कटण्याचा प्रश्न राहत नाही.

खानदेशातील ऊन, धूळ आणि वीज

एप्रिल-मे महिन्यांत जळगाव, भुसावळ, धुळे येथे पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा वेळी जुना संगणक मंद झाला तर तो दोष नेहमी प्रणालीचा नसतो. प्रोसेसरवरील पंख्यात साचलेली धूळ उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि प्रोसेसर स्वतःचा वेग घटवितो. दाणा बाजारातील धान्याची भुकटी आणि जिनिंगजवळील सरकीचे तंतू तर पंख्याचे वैरीच. होळीनंतर एकदा खोका उघडून मृदू ब्रशने आणि ब्लोअरने सफाई करून घ्यावी. यंत्र भिंतीला चिकटवून किंवा कापडाने झाकून चालू ठेवू नये.

जुन्या फिरत्या हार्डडिस्कच्या जागी एसएसडी बसविणे हा सर्वांत गुणकारी खर्च होय. चार जीबी मेमरीचा दहा वर्षांचा संगणक एसएसडीमुळे ओळखू येणार नाही इतका चपळ होतो. जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये किंवा धुळ्याच्या आग्रा रोड परिसरात हे काम करून मिळते. दुरुस्तीस देण्यापूर्वी जुनी डिस्क काढून घरी ठेवावी, तिच्यात माहिती असते. वीज अचानक गेल्यास लिनक्सची फाइल-रचना बव्हंशी स्वतःला सावरते, तरीही चालू पत्र गमावू नये म्हणून लिबरऑफिसमध्ये स्वयंजतनाची वेळ पाच मिनिटांवर आणावी.

प्रणाली सुरक्षित, माणूस सावध

लिनक्सवर विषाणूंचा उपद्रव कमी असतो हे खरे. पण फसवणूक करणारा आता यंत्राला नव्हे, माणसाला गाठतो. बनावट संकेतस्थळावर स्वतःच पासवर्ड टाकला, दूरध्वनीवर ओटीपी सांगितला किंवा अनोळखी व्यक्तीला संगणकाचा ताबा दिला, तर कोणतीही प्रणाली रक्षण करू शकत नाही. बँकेचा पत्ता स्वतः टंकावा, दुरुस्त्या आठवड्यातून एकदा घ्याव्यात आणि घरातील प्रत्येकाचे खाते वेगळे ठेवावे.

शिकावयाचे कोठे, हा प्रश्न उरतो. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल या प्रकल्पाने लिनक्स, लिबरऑफिस आणि इतर मुक्त प्रोग्रामांवर दहा मिनिटांच्या आसपासचे दृक्श्राव्य धडे तयार केले आहेत. ते विनामूल्य असून त्यांतील पुष्कळ मराठीतही आहेत. धडा ऐकावा, थांबवावा, स्वतः करून पाहावे अशी त्यांची रचना आहे. घरातील ज्येष्ठांनाही ती मानवते.

आजोबांचा जुना संगणक अखेर धुळ्याला पोहोचतो. त्याची डिस्क पुसली जाते ती दहाही वर्षांची तेरीज नव्या यंत्रावर जुळल्यानंतरच. नात त्यावर प्रोग्रामिंग शिकते, शेजारच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवरही पेनड्राइव्हने तीच प्रणाली चालवून दाखविते. पेढीवर आजोबा एक नवा पायंडा पाडतात. दरवर्षी वहीपूजनाच्या आदल्या दिवशी हिशेबाची प्रत असलेली हार्डडिस्क तिजोरीतून काढावयाची, दुसऱ्या यंत्रावर उघडावयाची आणि मागील वर्षाची अखेरची शिल्लक ताडून पाहावयाची. ती जुळली की मगच पाटावर वह्या मांडावयाच्या.